डॅनियल फ्रीमनची पस्तीस एकरांची नांगरट

२० मे

१८६२ साली आजच्याच तारखेला अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. अर्ज करताना १२ डॉलर, सनद घेताना ६ डॉलर, मधली पाच वर्षं त्या जमिनीवर राहून ती कसायची. एवढ्यावर १६० एकर नावावर. कायदा १ जानेवारी १८६३ला लागू झाला आणि त्याच दिवशी नेब्रास्कातल्या ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत डॅनियल फ्रीमनचा अर्ज नोंदला गेला. अर्ज क्रमांक १. मध्यरात्र उलटताच त्याच्यासाठी कचेरी उघडली, अशी कथा सांगतात. मला त्या रात्रीपेक्षा पुढची पाच वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण त्यांचा हिशेब कागदावर आहे.

सनदेआधी दोन शेजाऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं: अर्धं ओंडक्यांचं, अर्धं फळ्यांचं १४ बाय २० फुटांचं एकमजली घर, दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी जमीन, तबेला, १०० फूट लांब मेंढवाडा, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं. आणि नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलेली जमीन सुमारे ३५ एकर.

१६० पैकी ३५. हा आकडा वाचून माणूस कमी पडला असं वाटेल, पण त्या रानाची जात माहीत असेल तर नाही वाटणार. उंच गवताच्या प्रेअरीत, म्हणजे मोकळ्या गवताळ मैदानात, मुळांचं जाळं इतकं दाट असतं की साधा नांगर त्यात शिरत नाही. त्यासाठी लांब, तिरक्या पात्याचा पोलादी नांगर आणि तीन-चार किंवा त्याहूनही जास्त बैलजोड्या लागत. फाळ दोन-तीन इंचच खोल घालायचा, म्हणजे ढलप (मुळांसकट कापलेली मातीची पट्टी) उलटी पडून गवत खाली कुजतं. वेळही साधावी लागे: मे-जून, गवत जोमात असताना. फार लवकर नांगरलं तर ते पुन्हा फुटतं. उशीर झाला आणि ऊन तापलं तर ढलपा कुजण्याऐवजी विटेसारख्या वाळतात. पहिल्या वर्षी कुऱ्हाडीनं ढलपीत चीर पाडून मक्याचे दाणे टाकत. येईल ते पीक पदरात घ्यायचं. खरी मशागत पुढच्या वर्षी.

नांगरटीहून कुंपण महाग. मोकाट गुरांपासून पीक राखायचं तर ३५ एकरांच्या चौकोनाला जवळजवळ ४,९०० फूट कुंपण हवं. दहा फुटी फाडीव दांड्यांची नागमोडी रचना केली तर एका टप्प्यात आठेक फूट सरकतात. सात थर धरले तर चार हजारांवर दांड्या! झाडं फक्त ओढ्याकाठी. म्हणून फ्रीमननं निवडलेल्या जमिनीचा आकार मला शहाणपणाचा वाटतो: चाळीस-चाळीस एकरांचे चार चौकोन, उलट्या टी अक्षरासारखे जोडलेले, कब क्रीकचं पाणी आणि लाकूड हाती यावं असे. काटेरी तार १८७४नंतरची. तोवर स्वस्त उपाय ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची वई: रोपं जवळजवळ लावायची आणि सुरुवातीची वर्षं दरसाल छाटायची. छाटणी चुकली की झाडं उंच जातात, खाली फटी पडतात आणि डुकरं आत शिरतात.

पीच दहापट का, तेही उघड आहे. पीच कोयीपासून उगवतो आणि तीन-चार वर्षांत फळतो. सफरचंदाचं कलम लागतं आणि बरीच वर्षं थांबावं लागतं. मात्र पीचचा मोहर उशिरा आलेल्या थंडीत जळतो, म्हणून सगळा भरवसा त्यावर टाकायचा नसतो. कणगीच्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवत. वारा खेळला नाही तर कणसांना बुरशी धरते.

त्या २८० चौरस फुटांच्या घरात १८६५ साली अ‍ॅग्नेस सूटर आली, आयोवातल्या लेक्लेअरची. तिचं लग्न आधी डॅनियलच्या भावाशी ठरलं होतं; तो यादवी युद्धात मरण पावला. मग डॅनियलची आणि तिची पत्रं सुरू झाली आणि मागणी पत्रातूनच घातली गेली. सरकारी कागदात तिचं नाव नाही, पण शेवटच्या तीन वर्षांतलं काम त्या घरातल्या तिच्या राबण्याशिवाय उभं राहिलं असतं असं मी मानत नाही.

ही जमीन ओसाड पडलेली नव्हती, हेही इथेच लिहायला हवं. ओटो-मिसुरिया या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी १८५४च्या तहात हा प्रदेश सोडला होता आणि बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात ते राहत होते. १८८१मध्ये तिथूनही त्यांना दक्षिणेला जावं लागलं.

सनद १८६९ची. पुढे जवळच्या शाळेत बायबल वाचलं जातं म्हणून फ्रीमन कोर्टात गेला आणि १९०२मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. १९०८च्या डिसेंबरात तो वारला. अ‍ॅग्नेस १९३१ साली. दोघांनाही तिथल्याच जमिनीत पुरलं आहे. १९३६मध्ये ती राष्ट्रीय स्मारक झाली आणि २०२१पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. ओसेज ऑरेंजची वई तिथे आजही आहे, छाटणी थांबल्यानं पार वाढून गेलेली.