अप्पांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ब्लूटूथ, तेही आतून

बाहेरून लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर बाजारात मिळतो आणि स्वस्तही मिळतो. मग एवढा जड डबा उघडायचा खटाटोप कशाला, असं नवऱ्याने विचारलंच. कारण अप्पा. माझे सासरे एक खटका दाबणार, एक नॉब फिरवणार, बस. वेगळा अ‍ॅडॉप्टर, त्याचा चार्जर, त्याचा लुकलुकणारा दिवा, हे काही त्यांना नको. आणि तो जुना सोनोडाइन कंपनीचा डबा, सोबतचे लाकडी पेटीतले स्पीकर, अजून इतके छान वाजतात की ते माळ्यावर टाकायचं मनातही येत नाही.

पहिला प्रश्न, जोडायचं कुठे? फोनोवर, म्हणजे रेकॉर्डप्लेअरच्या इनपुटवर, मुळीच नाही. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, म्हणून तिथे सिग्नल जबरदस्त वाढवला जातो, शिवाय आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्डमध्ये दाबलेला बेस परत वर आणणं. ब्लूटूथ तिथे दिलं तर आवाज फाटतो आणि बेस नुसता घुमतो. आमच्याकडचा ट्यूनर, म्हणजे वेगळा रेडिओ, कधीच गेलाय, त्यामुळे ते बटण मोकळं होतं. आत बसवायच्या छोट्या ब्लूटूथ मॉड्यूलचा आवाज त्या इनपुटला जरा जड पडतो. नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी जायच्या आतच भिंती हादरतात. म्हणून दोन्ही चॅनेलला १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि २.२ किलोओहमचा ग्राउंडला टाकला. सिग्नल साधारण एक पंचमांशावर येतो, नॉब फिरवायला जागा मिळते.

खरी गंमत पॉवरची. मॉड्यूलला ५ व्होल्ट लागतात आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रीअ‍ॅम्पला १५ व्होल्ट मिळत असतात. मध्ये ७८०५, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणारा रेग्युलेटर, बसवला की झालं, असं बहुतेक व्हिडिओंत सांगतात. १० व्होल्ट वाया, ०.१ अँपिअर करंट, म्हणजे १ वॅट उष्णता. छोटं हीटसिंक लावलं की तेवढं निभतं. पण गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक चिरचिर ऐकू येते. मॉड्यूल करंट झटक्याझटक्याने ओढतं, आणि तो परतीच्या वाटेवर ऑडिओच्याच ग्राउंडमधून जातो. कपॅसिटर वाढवून ती जात नाही, वाट तोडावी लागते. त्यासाठी बी०५०५एस नावाचा चार पायांचा काळा ठोकळा मिळतो: ५ व्होल्ट घेतो, ५ व्होल्टच देतो, पण आतल्या इवल्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजू विजेने एकमेकींपासून अलग. १ वॅटचा असतो, मॉड्यूलला पुरतो. ७८०५ नंतर तो बसवला आणि ऑडिओचं ग्राउंड फक्त शिल्डेड वायरच्या जाळीतून नेलं. आता स्पीकरला कान लावला तरी काही नाही.

हे सगळं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं. (पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, पण नाशिकहून जाणारे आम्हीही लॅमिंग्टनच म्हणतो.) मॉड्यूल घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक, जोडणी झाली की "कनेक्टेड" म्हणून ओरडणाऱ्या बाईंना गप्प करता आलं पाहिजे. दोन, बाहेरची अँटेना लावता आली पाहिजे. लोखंडी कॅबिनेटच्या आत २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल कोंडतो. स्वयंपाकघरात फोन नेला की गाणं तुटायला लागतं. मागे टेपडेकसाठी गोल डिन सॉकेट होतं, ते काढून त्याच भोकातून अँटेना बाहेर काढली. पत्र्याला ड्रिल लावायची वेळ आली नाही, याचं मला फार समाधान आहे.

कुणी करणार असाल तर एक सांगते: प्लग काढल्यावरही मोठे फिल्टर कपॅसिटर चार्ज धरून असतात. मीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नका.

आता अप्पा सकाळी ट्यूनरचं बटण दाबतात आणि फोनवर न्यूज ऑन एअर अ‍ॅप उघडून आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावतात. "रेडिओ लागला गं," असं मला आतून ओरडून सांगतात. एवढी खटपट मी ब्लूटूथसाठी केली, पण त्यांच्या लेखी मी रेडिओ दुरुस्त केलाय. असू दे.

एक त्रास मात्र उरलाय. या मॉड्यूलला जोडणीचा पिन (पासवर्ड) नाही, जो आधी पकडेल त्याचं. परवा दुपारी अप्पांच्या भजनाच्या जागी ढोल-ताशाचा रिमिक्स सुरू झाला. वरच्या मजल्यावरच्या मुलाने नवा फोन घेतलाय. अप्पांनी स्टेशन बदलायला म्हणून नॉब फिरवला, तो व्हॉल्यूमचा.