नार्व्याची अष्टमी, चालत

गोव्यातल्या बांदोड्याहून नार्व्याला, गोकुळाष्टमीच्या स्नानासाठी दिंडीबरोबर निघताना नागेशीच्या तळीत पाय बुडवले. तळीकाठी एका ठरावीक जागी उभं राहिलं की देवापुढची समई पाण्यात दिसते, असं आजी सांगायची. पहाटे तीनला देऊळ बंद. मला नुसता अंधार दिसला.

म्हार्दोळ, मंगेशी अर्धवट झोपेत मागे पडली. बाणस्तारीच्या पुलावर श्रावणाची सर आली. दिंडीचे बुवा तर रामकृष्णहरी अशा गतीने म्हणत होते, जणू पुढची बस चुकणार होती! जुन्या गोव्याला फेरीबोटीत चढले तेव्हा उजव्या टाचेला फोड आलेला. दिवाडी बेटावरच्या खाजनातल्या, खाऱ्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर तो फुटला. दिंडी पुढे गेली, झांजा ऐकू येईनाशा झाल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. देवावर नाही, बुवांवर मात्र भयंकर राग आला.

एका घराच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, म्हातारी आंटी तांदूळ निवडत बसली होती. गळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस. "बाय, पांय दाखय." मी लाजले, तिने सूप बाजूला ठेवलं. कोमट पाण्यात मीठ घालून घमेलं आणलं. आग आग झाली. मग खोबरेल, वर जुन्या लुगड्याची पट्टी. गाठ टाचेवर नाही, घोट्याच्या पुढे मारली, म्हणजे टोचत नाही. पेज देऊ लागली.

"उपास आहे, आंटी."

"जाल्यार आडसर पी." शहाळ्यावर कोयत्याचे तीन घाव.

नार्व्याला जाते म्हटल्यावर म्हणाली, "सप्तकोटेश्वर? तो हांगाचोच. पलतडी गेलो."

खरंच की. कदंब राजांचा देव तो, मूळचा दिवाडीचाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लिंग विहिरीवर लावलं आणि लोकांनी ते नदीपार नेलं, असं सांगतात. नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधून घेतलं. इथे कोटीतीर्थाची तळी राहिली. सप्तर्षींनी सात कोटी वर्षं तप केलं म्हणून हे नाव, ही कथा बुवा दरवर्षी सांगतात. आंटीने दोन वाक्यांत उरकलं.

दुसऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर दिंडी थांबली होती. बुवांनी माझी पिशवी घेतली, बोलले काहीच नाहीत. मीही नाही.

नार्व्याच्या पंचगंगेवर ही गर्दी. पायऱ्या शेवाळलेल्या, नारळाची करवंटी तरंगतेय, कुणाचं तरी पोर रडतंय. पट्टी सोडायला विसरून तशीच उतरले. पहिली बुडी देवाची, दुसरी आजीची. तिसऱ्या बुडीला गाठ सुटली, खोबरेलाचा तवंग पाण्यावर पसरला. पट्टी धरायला हात घातला तोच मागून कुणीतरी ओरडलं, "आटप गो बाय!"