आमची वाटचाल : मिठाईच्या खोक्यांपासून सोंगट्यांपर्यंत

बाबांचा धंदा खोक्यांचा. नारायण पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर एक कटिंग मशीन, एक पंचिंगचं आणि कोपऱ्यात खळीची बादली. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत मिठाईचे खोके, लग्नसराईत साड्यांचे. उरलेले महिने मशीन झोपलेलं. ते झोपू नये म्हणून आम्ही खेळ करायला लागलो. प्रदर्शनात लोक विचारतात, “परंपरा जपायची तुमची तळमळ कुठून आली?” खरं सांगायचं तर ती विजेच्या बिलातून आली.

2016 च्या मे महिन्यात माळा आवरताना आमचा जुना ‘व्यापार’ सापडला. कडा उंदरांनी खाल्लेल्या, नोटांना रबर चिकटलेलं, हरवलेल्या शंभराच्या नोटांच्या जागी वहीच्या पानावर पेनने लिहिलेल्या. लहानपणी दादा कायम बँक व्हायचा आणि बँक कायम जिंकायची. तो डबा उघडून आम्ही दोघं दुपारभर बसलो आणि संध्याकाळपर्यंत ठरलं : आपण पुण्याचा व्यापार काढायचा.

काढला. लक्ष्मी रोड सगळ्यात महाग, तुळशीबाग, डेक्कन, औंध, हडपसर, तुरुंगाच्या घरात येरवडा. चान्सच्या पानांवर दुपारी एक ते चारचे विनोद. पहिले पाचशे डबे त्या दिवाळीत हातोहात गेले. पुढच्या वर्षी हजार छापले आणि सहाशे अंगावर पडले. मी गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. बहुतेकांचं उत्तर एकच : “फार छान आहे हो, कपाटावर ठेवलाय.” एकदा उघडून, हसून, पुन्हा बंद. आत खेळ तोच होता. तासाभरात एकाचं दिवाळं निघायचं आणि मग तो उगाच पाणी प्यायला उठायचा.

मुळात या खेळाचीच कथा उलटी आहे. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं ते जमीनदारी कशी माणसाला बुडवते हे दाखवायला. त्यांनी नियमही दोन तऱ्हांचे केले होते : एकात सगळ्यांना वाटा, दुसऱ्यात एकट्याची चंगळ. लोकांना दुसरी तऱ्हा आवडली. 1935 मध्ये ‘मोनोपॉली’ म्हणून तो दुकानात आला तेव्हा पहिली तऱ्हा गळून गेली होती. आम्ही ज्याच्यावर डेक्कन आणि औंध रंगवत होतो, त्यावर आधीच कुणीतरी एकदा रंग दिलेला होता.

या काळातला एक धडा निव्वळ पुठ्ठ्याचा. खोकी करणाऱ्याला पट करता येईलच असं नाही. खोका चारी बाजूंनी स्वतःला धरून ठेवतो, पट एकटा पडतो. आम्ही दोन मिलिमीटरच्या ग्रे बोर्डवर वरून छापील कागद चिकटवला, खाली काही नाही. जुलै आला आणि गठ्ठेच्या गठ्ठे पापडासारखे वळले. एका बाजूचा कागद ओल घेतो, सुकतो, बोर्डला ओढतो. दुसरीकडून तेवढंच ओढणारं काहीतरी लागतं. पाठीला साधा का होईना कागद लावायचा आणि दोन्हीकडे खळ सारखी ओढायची. हे बाबांना माहीत होतं. विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

2018 मध्ये आम्ही सावंतवाडीला गेलो. विचार असा, की गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते, छापून स्वस्तात विकायचा. राजवाड्यात कारागीर हाताने गोल पानं रंगवत बसलेले. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, एकेकाची बारा पानं – राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत – मिळून 120. आम्ही त्यांच्याकडून खेळायला शिकलो आणि माझी अडकलेली सोंगटी तिथे सुटली. दिवसा खेळत असाल तर सुरुवात रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या. राम दुपारचा जन्मलेला, कृष्ण मध्यरात्रीचा. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि पाचांत एक्का मोठा. इथे अवतार फक्त पानावर रंगवलेले नव्हते, ते डाव चालवत होते. आमच्या व्यापारात लक्ष्मी रोडच्या जागी नागपूरची सीताबर्डी लिहिली असती तर काय फरक पडला असता? काहीच नाही. गंजिफा छापायचा बेत तिथेच सोडला. त्यांची कला छापून आम्ही त्यांचंच गिऱ्हाईक तोडलं असतं. येताना एक संच घेतला, तो दुकानात काचेत आहे, विकायला नाही.

मग वारी. आळंदी ते पंढरपूर, सापशिडीच्या पटावर. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम, दिवे घाटाला शिड्या, आणि साप म्हणजे अहंकार, आळस, राग. मोक्षपटावरून सुचलं. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप आणि वर वैकुंठ हा आपलाच जुना पट. परंपरा तो ज्ञानदेवांचा मानते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडच्या दुकानांत गेला आणि परत आला तेव्हा त्यात नुसते साप आणि शिड्या उरल्या होत्या. तर आम्ही तो पुन्हा भरला, कच्चा नमुना केला, आणि पेस्टिंगला बसणाऱ्या मावशींसमोर ठेवला. मावशींनी सहा वाऱ्या केलेल्या. त्यांची सोंगटी वाखरीला पोचली, आणि साप खाली थेट आळंदीत.

मावशींनी फासा खाली ठेवला. “ताई, वाखरीहून आळंदीला परत? माउली असं मागं ओढतात होय कुणाला? माणूस दमतो, थांबतो, दिंडी त्याच्यासाठी थांबते. मागं जातंय कोण!”

त्या रात्री आम्ही साप काढून टाकले. सहा महिने नियमांवर गेले. आता चार खेळाडू म्हणजे एकाच दिंडीतले चौघं. कडेला तिथ्यांचं चक्र फिरतं, ज्येष्ठ वद्य अष्टमीपासून आषाढ शुद्ध दशमीपर्यंत. पुढे गेलेल्याला आपलं दान मागच्याला देता येतं. मुक्कामाला सगळे जमल्याशिवाय पालखी उचलायची नाही. दशमीला चौघंही पंढरीत, नाहीतर कुणीच नाही. दादाचा अजून आक्षेप आहे की ज्यात कुणी हरत नाही तो खेळ कसला. पण चौघं एकदम हरतात तेव्हा भांडणाचा आवाज कसा असतो ते त्याने ऐकलेलं नाही.

पहिली छपाई आली 2020 च्या जूनमध्ये. त्या वर्षी पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. दुकान अर्धं बंद. डबे गेले ते फोनवरून, एकेक करून. घरात अडकलेल्या वारकऱ्यांच्या मुलांनी, सुनांनी मागवलेले.

पाठोपाठ 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. चौदा वर्षांखालची मुलं खेळणार म्हटल्यावर सोंगट्यांच्या रंगात शिसं किती इथपासून तपासणी. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पोर सोंगटी तोंडात घालतंच. पण चार माणसांच्या कारखान्याला त्यात एक अख्खा हंगाम गेला.

सध्या सगळ्यात जास्त चालतो तो चल्लस आठ. पंचवीस घरांचा कापडी पट, चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. याला काहीच रंगवावं लागलं नाही. मध्यंतरी एका बिल्डरने आपल्या प्रकल्पांचा व्यापार करून मागितला. सगळं मान्य होतं, फक्त तुरुंगाचं घर तेवढं काढा म्हणाले. आम्ही काढलं नाही, काम गेलं.

आता टेबलावर मोक्षपट आहे, खराखुरा, मराठी शब्दांचा. जुन्या अनेक पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असतात, त्यामुळे आमचं भांडण आकड्यावर आहे. मुलं कंटाळतील म्हणून दादा म्हणतो बारा. मी म्हणते सतरा. बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं, आणि काल सकाळी येऊन पाहते तर त्यांनी सतराचा नमुना कापून, पाठीला कागद लावून, वजनाखाली सुकत ठेवला होता.