गोडेतेल किती लागलं?

जालना जिल्ह्यातील एका गावात कुटुंबांच्या खर्चाची पाहणी चालू होती आणि पर्यवेक्षक म्हणून मी एका नव्या अन्वेषकाच्या शेजारी बसलो होतो. ‘मावशी, गेल्या तीस दिवसांत घरात गोडेतेल किती लागलं?’ असे त्याने विचारले. मावशी बराच वेळ हिशेब करत राहिल्या. ‘महिन्याचं कसं सांगावं बाबा? बाजारच्या दिवशी आणलेलं तेवढं ध्यानात राहतं,’ असे म्हणून शेवटी त्यांनी अंदाजाने दोन किलो सांगितले. तेवढ्यात त्यांच्या सुनेने फळीवरची किराणा दुकानाची उधारीची वही काढून दिली. तिच्यात महिनाभरात अर्ध्या किलोचे सहा पुडे मांडलेले होते. त्यांपैकी एक लेकीकडे पाठवलेला, तर आठवडी बाजारातून रोखीने आणलेले किलोभर तेल वहीत नव्हतेच. म्हणजे वापर साडेतीन किलोंच्या घरात गेला.

दीड किलो तेलाची ही तफावत क्षुल्लक वाटेल; पण कुटुंब दारिद्र्यरेषेखाली आहे की नाही हे ठरते ते त्याच्या खर्चावरून, आणि खर्च समजतो तो अशाच प्रश्नांतून. राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे देशभरातील निवडक कुटुंबांची सरकारी पाहणी, 1950 पासून संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिच्यात तीस दिवसांचाच प्रश्न रूढ झाला. 1994 ते 1998 या काळात प्रयोग म्हणून काही कुटुंबांना अन्नखर्चासाठी सात दिवसांचा प्रश्न विचारला, तेव्हा नोंदला गेलेला खर्च इतका वाढला की गरिबीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. गरीब तेच होते, बदलला होता तो प्रश्न. पुढे 1999-2000 च्या पाहणीत दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला शेजारी-शेजारी विचारले गेले आणि एका उत्तराचा प्रभाव दुसऱ्यावर पडला. अधिकृत आकड्यानुसार ग्रामीण गरिबी 27.1 टक्के निघाली. ज्या वस्तूंचा प्रश्न सर्व फेऱ्यांत तीस दिवसांचाच राहिला होता, त्यांच्या खर्चाचा आधार घेऊन अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी ती 30.2 टक्के असल्याचे दाखवले. हा फरक दोन कोटींहून अधिक माणसांचा आहे. 1997 पासूनच्या लक्ष्याधारित, म्हणजे गरीब कुटुंबांना वेगळे काढून स्वस्त धान्य देणाऱ्या, रेशन व्यवस्थेत राज्यांना स्वस्त धान्याचा कोटा गरिबीच्या अशाच अंदाजांवरून ठरत असे, हे लक्षात घेतले म्हणजे अर्थशास्त्रज्ञांचा हा वाद केवळ पंडिती नव्हता, हे कळते.

आता सरकारी पाहणीत तेल, भाजीपाला, अंडी, मांस यांचा खर्च सात दिवसांचा विचारतात. धान्य, डाळी, साखर यांचा तीस दिवसांचा. मला हे योग्य वाटते, कारण तेल थोडेथोडे आणले जाते आणि विसरलेही लवकर जाते.

त्या संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर आमच्यात बराच वाद झाला. प्रश्न बदलावा, तर त्याच गावांतील आधीच्या फेरीशी तुलना तुटणार. तसाच ठेवावा, तर चूक ठाऊक असूनही ती पुढे रेटणार. अखेर प्रत्येक गावातील निम्म्या घरांना, चिठ्ठ्या टाकून, जुना प्रश्न आणि उरलेल्यांना सात दिवसांचा, असे ठरले. वेळ वाचावा म्हणून एकाने दोन्ही प्रश्न एकाच घरात विचारण्याचे सुचवले. त्याला मात्र मी ठाम नकार दिला.