तोच बिघाड पुन्हा आला? आधी किलोमीटर मोजा

गाडीतला आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तेव्हा "कुठून येतोय?" हा प्रश्न बरोबर असतो. पार्ट बदलून, बिल भरून झाल्यावर तोच आवाज परत आला तर मात्र आधी दुसरं विचारायला हवं: मागच्या कामानंतर गाडी किती चालली? दोनशे किलोमीटर, आठ हजार की चाळीस हजार? चाळीस हजारांवर लिंक रॉड (चाकाकडचा भाग स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी) गेला तर ती आपल्या रस्त्यांवरची झीज आहे, तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. आठ हजारांत लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या लोखंडी हाताचा) रबरी बुश फाटला तर तो बसवताना चूक झाली असण्याची शक्यता मोठी. आणि दोनशेत आवाज परत आला तर बहुधा भलताच पार्ट बदलला गेला.

म्हणून मध्यम आकाराची सेदान असो की तशाच बांध्याची एसयूव्ही, ग्लव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, आणि लक्षण परत दिसलं तेव्हाचे किलोमीटर. चार रकाने पुरेत. स्कॅनर जे सांगत नाही ते पुष्कळदा ही वही सांगते.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पुढच्या चाकाकडून येणाऱ्या टकटकीवर, असं माझं मत आहे. पेव्हर ब्लॉकचा रस्ता, ड्रेनेजचं खाली गेलेलं झाकण, सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर, सगळीकडे टकटक. गॅरेजला जायच्या आधी एक चाचणी स्वतः करता येते. रस्त्याच्या रुंदीभर असलेल्या स्पीडब्रेकरवरून पंधराच्या वेगाने गाडी सरळ न्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम चढतील. मग तोच स्पीडब्रेकर तिरका घ्या, आधी डावं चाक आणि मग उजवं. सरळ घेताना शांत आणि तिरका घेताना टकटक असेल तर संशय लिंक रॉडवर. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी दांडी) नुसता आपल्या बुशांमध्ये फिरतो, लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. एकच चाक उचललं की बार पिळला जातो आणि लिंक रॉडचा झिजलेला बॉल जॉइंट वाजतो.

दोन्ही प्रकारांत आवाज आला तर शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंटिंग बघायचं. गाडी जागेवर उभी करून स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग "टंग" करून झटका देत असेल तर माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये घेताना एकच "धप्प" येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश. खडबडीत रस्त्यावरची बारीक खडखड कानापेक्षा स्टिअरिंग धरलेल्या हाताला जास्त कळत असेल, तर ती स्टिअरिंग रॅक किंवा कॉलमची. तिथे चाकाकडचं काहीही बदललं तरी ती जाणार नाही. लिंक रॉडबद्दल खात्री करायची असेल तर मेकॅनिकला दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून ठेवायला सांगा (एकच काढून उपयोग नाही) आणि गॅरेजच्या गल्लीत वीसच्या वेगाने एक फेरी मारा. वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून मोठ्या रस्त्यावर जाऊ नका. आवाज बंद झाला तर निदान पक्कं, आणि एकही पार्ट विकत घ्यावा लागलेला नसतो.

आता आठ हजारांत फाटणाऱ्या बुशाबद्दल. लोअर आर्मचा बुश म्हणजे आत लोखंडी नळी आणि तिला चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तो रबराला पीळ देत. गाडी लिफ्टवर आहे, चाकं लोंबकळताहेत आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळले, तर रबराची "सरळ" स्थिती तीच ठरते. गाडी खाली उतरली की आर्म वर जातो आणि बुश उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलाच राहतो. वर प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. काही हजार किलोमीटरमध्ये रबर चिरतं आणि पार्टच्या कंपनीला दोष दिला जातो.

बरोबर पद्धत साधी आहे. बोल्ट आधी नुसते सैल लावून ठेवायचे. मग गाडी चाकांवर उतरवून, नाहीतर लोअर आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्या आर्मवर येईपर्यंत उचलून, टॉर्क पान्याने शेवटचा आवळ द्यायचा. किती न्यूटन मीटर, हे मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं. हवेच्या गनने अंदाजे आवळणं हा त्याला पर्याय नव्हे. गाडी देताना एवढंच विचारा: "बुशचे बोल्ट गाडी वजनावर घेऊन टाइट करणार ना?" समोरच्याला प्रश्न कळला तर गाडी योग्य हातात आहे.

पुण्यात नाना पेठेत सुटा बुशही मिळतो आणि बुश-बॉल जॉइंटसकट पूर्ण आर्मही. सुटा बुश स्वस्त पडतो, पण तो प्रेसवर बसवावा लागतो. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ जागा ठेवलेली असते आणि ती कोणत्या दिशेला यायची याची खूणही असते. खूण चुकली की नवा बुश पहिल्या दिवसापासून चुकीच्या बाजूला मऊ. बॉल जॉइंटही जुना झाला असेल तर मी पूर्ण आर्मच घ्यायला सांगेन. काम कोणतंही करा, आर्म निघाला की व्हील अलाइनमेंट करायचंच, नाहीतर टायर आतल्या कडेने खाल्ला जाईल.

दुसरी तक्रार मार्च लागला की सुरू होते: "गेल्या वर्षीच गॅस भरला होता, परत एसी थंड करत नाही." एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद चक्रात फिरत राहतो. तो इतका कमी झाला याचा अर्थ गळती आहे. वर्षभराने संपला तर बारीक, दोन दिवसांत संपला तर मोठी. शोधल्याशिवाय पुन्हा भरणं म्हणजे पुढच्या मार्चचं बिल आजच ठरवणं.

गळती शोधायची पहिली जागा म्हणजे बंपरच्या मागचा कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस गार करणारी जाळी. महामार्गावर उडालेले खडे तिथेच बसतात. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते, म्हणून जाळीवर एखादा काळपट तेलकट ठिपका दिसला तर तिथेच बघायचं. पाइपांच्या जोडांवरही असेच डाग दिसतात, तिथे ओ-रिंग बदलून काम भागतं. इव्हॅपोरेटर (केबिनची हवा थंड करणारी जाळी) डॅशबोर्डच्या आत असल्यामुळे दिसत नाही. त्यासाठी एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी गॅस डिटेक्टर धरायचा. संशय असूनही काहीच सापडलं नाही तर सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने तपासतात, किंवा यूव्ही डाय (चमकणारा रंग) टाकून काही दिवसांनी निळ्या दिव्याखाली बघतात.

गॅस भरताना दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालला पाहिजे आणि पंप बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं गेजचा काटा हलता कामा नये. मग गॅस वजनावर भरला पाहिजे. किती ग्रॅम आणि कोणता गॅस, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. "थंड लागेपर्यंत भरतो" हे उत्तर चालवून घेऊ नका. गॅस जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो तो वेगळा.

मात्र एसीची प्रत्येक तक्रार गॅसची नसते. चालत्या गाडीत थंड आणि सिग्नलला कोमट होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा आणि जाळीतली घाण बघा. सुरुवातीला छान थंड, अर्ध्या तासाने हवेचा झोतच मंदावतो आणि थोडा वेळ एसी बंद ठेवला की परत येतो, तर इव्हॅपोरेटरवर बर्फ धरतोय. तुंबलेला केबिन फिल्टर किंवा बिघडलेला तापमान सेन्सर ही त्याची नेहमीची कारणं. गावात बांधकामांची धूळ इतकी आहे की केबिन फिल्टर दर पाच हजारांना काढून झटकावा आणि दहा हजारांना बदलावा.

डिझेल गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) असेल, तर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा ओळखीचा होतो. घर कोथरूड, ऑफिस डेक्कन, एकेरी अंतर पाच-सहा किलोमीटर, असा वापर डीपीएफला मानवत नाही. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते आणि ती सलग पंधरा-वीस मिनिटं टिकावी लागते. गाडी हे काम आपणहून सुरू करते. आयडल आरपीएम (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे) थोडा वाढतो, इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात चालत राहतो, गरम वास येतो. तेवढ्यात आपण पार्किंगमध्ये पोचून चावी काढतो. असं वारंवार झालं की काजळी जळण्यासाठी उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर गाडी न पळवता आधी ऑइल बदला, आणि तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, कमी राख सोडणारं.

आठवड्यातून एकदा सकाळी लवकर नवले पुलावरून साताऱ्याच्या दिशेने खेड शिवापूरच्या पुढपर्यंत जाऊन यावं, आरपीएम दोन हजारांच्या वर राहील असा गिअर धरून. टाकी रिझर्व्हवर असेल तर बऱ्याच गाड्या हे जाळण्याचं काम सुरूच करत नाहीत, तेव्हा आधी डिझेल भरा. एवढं करूनही दिवा दर शंभर-दीडशे किलोमीटरला येत असेल, तर दोष वापराचा नाही. प्रेशर सेन्सरच्या चिरलेल्या नळ्या, टर्बोच्या पाइपची गळती, अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा ठिबकणारा इंजेक्टर शोधायला हवा. नुसतं गॅरेजात स्कॅनर लावून सक्तीचं रीजनरेशन (काजळी जाळणं) केलं तर दिवा जाईल आणि परत येईल.

कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाबतीत "किती" इतकंच "केव्हा" महत्त्वाचं. रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडतो आणि गरम झाल्यावर थांबतो, तर पाइपची क्लिप सैल. फक्त खंबाटकी घाट चढल्यावर पातळी उतरते, तर रेडिएटरची कॅप किंवा थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक हाउसिंगची चीर, जी गरम झाल्यावरच उघडते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंट त्यापुढे तग धरतं ते कॅपने राखलेल्या दाबामुळे. कॅप कमजोर झाली की घाटात उकळी. हातपंपाने एक बारचा दाब देऊन तपासणी करतात, ती इंजिन गार असताना आणि कोमट असताना अशी दोनदा करून घ्या. वाळलेल्या कूलंटची पांढरट किंवा गुलाबी पापडी गळतीची जागा दाखवते. बोअरचं पाणी घालून वेळ मारून नेऊ नका, क्षार आत बसतात. आणि गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका.

शुक्रवारी लावलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही, बॅटरी मात्र चार महिन्यांपूर्वीचीच. हा चोरट्या करंटचा खेळ. गाडी पूर्ण झोपल्यावर (बंद करून सगळी इलेक्ट्रॉनिक्स शांत झाल्यावर) साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा. तो ५०० असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ४५ ची बॅटरी तिसऱ्या दिवशी हात टेकते. शोधताना फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेले मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा (म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल), चावी लांब ठेवा, चाळीस मिनिटं थांबा आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून बघा. जिथे आकडा दिसेल त्या सर्किटमधून करंट जातोय. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टिम चावीच्या लाइनऐवजी कायम चालू लाइनवर जोडलेली सापडणं, हे नेहमीचं.

पावसात पायाखालची मॅट ओली होत असेल तर वायपरखालच्या जाळीतला पाला काढा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांची तिथली पाण्याची वाट तुंबते. ओल फक्त डावीकडच्या पायाशी, तीही एसी चालवल्यावरच येत असेल तर एसीची नळी तुंबली आहे. पाणी गोडसर वासाचं आणि चिकट असेल तर ते हीटरचं कूलंट.

शेवटी जॉब कार्ड, म्हणजे गॅरेज तक्रार लिहून घेतं तो कागद. "पुढून आवाज" असं लिहून घेऊ नका, त्यावर "आवाज आढळला नाही" हे उत्तर येतं. "वेग पंधरा, स्पीडब्रेकर तिरका घेताना, डावं पुढचं चाक, मागचं काम आठ हजार किलोमीटरपूर्वी" असं लिहायला लावा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. चेसिस नंबर देऊन त्या गाडीवर काही रिकॉल निघाला आहे का, तेही विचारा. रिकॉलचं काम फुकट होतं. वॉरंटीतला तोच दोष तीन-चार वेळा दुरुस्त होऊनही राहिला तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. तिथे पुरावा म्हणून चालतात ती हीच जॉब कार्डं, म्हणून दर वेळी त्यावर किलोमीटरचा आकडा आणि सही-शिक्का आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्याआधी बघा.