दोन जूनची पेन्शन

२०२३ च्या मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार, २६ तारीख. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी, म्हणून सकाळी दार उघडायच्या आधीच आमच्या शाखेबाहेर रांग लागली होती. मी अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात एका क्रेडिट युनियनमध्ये काम करते. आपल्याकडच्या पतसंस्थेसारखाच प्रकार; खातेदार हाच सभासद. मॅक्सवेल हवाई तळ इथलाच, त्यामुळे आमच्याकडे सैनिक, माजी सैनिक, तळावरचे कारकून आणि पेन्शनर खूप. महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत वॉशिंग्टनहून पैसे जमा झाले की यांची घरं चालतात.

त्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: जूनचे पैसे येतील ना? सरकारच्या कर्जाची मर्यादा ३१.४ लाख कोटी डॉलर. ती १९ जानेवारीलाच गाठली गेली होती आणि तेव्हापासून अर्थखातं इकडचं तिकडे करून दिवस ढकलत होतं. अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी मेच्या सुरुवातीला पत्र लिहून सांगितलं होतं की १ जूनपासूनच पैसे कमी पडू शकतात. मर्यादा वाढवायची ती संसदेने. प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांच्या हाती, तिथले सभापती केव्हिन मॅकार्थी जानेवारीत पंधराव्या फेरीत कसेबसे निवडून आलेले. आपल्याच पक्षातल्या चार-पाच जणांना दुखावण्याची त्यांची सोय नव्हती. खर्च कापा, मगच मर्यादा वाढवू, ही त्यांची अट. तर मर्यादेवर सौदा करणार नाही, असं राष्ट्राध्यक्ष बायडेन महिनोन्‌महिने म्हणत राहिले, आणि शेवटी वाटाघाटींना बसले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण भारतातून फोन करणाऱ्या नातेवाइकांना ती दर वेळी समजावून सांगावी लागते. ही मर्यादा वाढवली म्हणजे सरकारला नव्या खर्चाची परवानगी मिळते असं नाही. खर्च संसदेनेच आधी मंजूर केलेला असतो. वाण्याकडून महिनाभर उधारीवर किराणा आणून झाला, खाऊन झाला, आणि पहिल्या तारखेला घरात भांडण, की वाण्याचे पैसे द्यायचे की नाही. तसं हे. ‘शटडाउन’ वेगळं, त्यात कार्यालयं बंद पडतात, पण पेन्शन येत राहते. कर्जमर्यादेचा दिवस उलटला तर काय थांबेल आणि काय चालू राहील, हे ठामपणे सांगणारं कुणी नव्हतं. कर्ज वाढतंय ही रिपब्लिकनांची तक्रार खोटी नाही, आणि मर्यादेविरुद्ध मत देण्याचं राजकारण डेमोक्रॅट्सनीही केलेलं आहे. २००६ साली सिनेटर असताना बराक ओबामांनी केलं होतं. पण देणं नाकारण्याची धमकी हे हिशेब सुधारण्याचं साधन आहे, हे मला कधीच पटलेलं नाही. त्या शुक्रवारनंतर तर अजिबात नाही.

दहाच्या सुमारास आजी आल्या. तोंडावर मी त्यांना मॅम म्हणते, मनात आजी. वय एकोणनव्वद, काळ्यासावळ्या, ताठ, डोक्यावर रविवारच्या चर्चची टोपी शुक्रवारीही. हातात चामड्याची जुनी पर्स.

“बेबी, दोन तारखेला येतील ना माझे पैसे?”

ज्यांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे पगारावरच्या करातून चालणारी सरकारी पेन्शन, मे १९९७ च्या आधी सुरू झाली, त्यांना ती दर महिन्याच्या तीन तारखेला मिळते. ३ जूनला शनिवार होता, म्हणून २ तारीख. आजींच्या खात्यात एकसष्ट डॉलर होते. ३ तारखेला विजेचं बिल आपोआप कापलं जाणार, ५ तारखेला घरभाडं.

‘येतील’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. आमच्या सोलापूरला आई दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते आणि काउंटरवरचा मुलगा “झालं आजी, निघा” म्हणेपर्यंत तिचा चेहरा जसा असतो, तसाच चेहरा समोर होता. पण मला खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, “मॅम, सरकारनं नक्की तारीख दिलेली नाही. मी तुमच्यासाठी इथे काय करता येतं ते बघते.”

साहेबांनी त्या आठवड्यात एक जुना अर्ज बाहेर काढून ठेवला होता. २०१८-१९ चं शटडाउन पस्तीस दिवस चाललं, तेव्हा पगार थांबलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आम्ही बिनव्याजी कर्ज दिलं होतं, त्याचा. मी तो आजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि तिसऱ्या रकान्याशी पेन थांबलं. ‘आपण कोणत्या सरकारी खात्यात नोकरीला आहात?’

“मी कुणाकडेच नोकरीला नाही आता,” त्या म्हणाल्या. आणि पर्स उघडून त्यांनी घडी घालून घालून कापडासारखा मऊ झालेला एक कागद काढला. सोशल सिक्युरिटीचा कमाईचा उतारा. डावीकडे सालं, उजवीकडे त्या साली नोंदलेली कमाई. १९५३ पुढे शून्य. १९५४ पुढे शून्य. शून्यांची रांग थेट १९५९ पर्यंत. मग शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी लागली आणि आकडे सुरू झाले.

“या सात वर्षांत तुम्ही काम करत नव्हता?”

“बेबी, या सात वर्षांत मी जेवढं काम केलं तेवढं पुढे कधी केलं नाही.” एका गोऱ्या कुटुंबाकडे धुणं, स्वयंपाक, मुलं सांभाळणं. सोशल सिक्युरिटीचा १९३५ चा मूळ कायदा झाला तेव्हा घरकामगार आणि शेतमजूर त्यातून वगळलेले होते. दक्षिणेतले बहुतेक काळे लोक तीच कामं करायचे. १९५० च्या दुरुस्तीने कायमस्वरूपी घरकामगार आत आले, पण मालकिणीने कर भरून नोंद केली तर. आजींच्या मालकिणीने रोख दिलं आणि नोंद केलीच नाही. म्हणजे ज्या पेन्शनसाठी त्या माझ्यापुढे बसल्या होत्या, तिच्या हिशेबात त्यांची ती सात वर्षं कुठेच नव्हती. मी त्या शून्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मागे रांग खोळंबली होती.

लॉबीत टीव्ही चालू असतो, आवाज बंद, खाली अक्षरं. कायद्याचे कुणी प्राध्यापक बोलत होते. आजींनी अक्षरं वाचली आणि झटकन वळल्या. “चौदावी दुरुस्ती? ती कशाला काढली यांनी? ती तर आमची.”

माझ्या खणात राज्यघटनेची छोटी पुस्तिका असते. २०१९ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मिळालेली. मी ती उघडली आणि चौथं कलम त्यांना वाचून दाखवलं: कायद्याने मान्य झालेल्या सार्वजनिक कर्जाच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येणार नाही. पेन्शनचा उल्लेखही त्याच वाक्यात आहे. बंड मोडून काढणाऱ्यांना द्यायच्या पेन्शनचा. कर्जमर्यादा बाजूला ठेवून या कलमाच्या आधारे पैसे देता येतील का, यावर तेव्हा देशभर वाद चालला होता.

“आणि पहिलं कलम वाच,” त्या म्हणाल्या. मी वाचलं. कायद्याचं समान संरक्षण. त्या शब्दांशी त्यांनी डोळे मिटले.

१९५५ च्या डिसेंबरात त्या एकवीस वर्षांच्या होत्या. बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून या गावातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस. आजी रोज मालकिणीच्या घरी चालत जायच्या, चालत यायच्या, कधी चर्चच्या गाडीतून. बहिष्काराचं नाव जगभर झालं, पण बसमधला भेद संपवला तो कोर्टातल्या खटल्याने: ब्राउडर विरुद्ध गेल. त्यात फिर्यादी चौघी बायका, त्यांतली क्लॉडेट कॉल्व्हिन आसन सोडलं नाही म्हणून पकडली गेली तेव्हा पंधरा वर्षांची. आधार होता याच चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाचा. जून १९५६ मध्ये तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी भेद घटनाबाह्य ठरवला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या दोघांपैकी फ्रँक जॉन्सन यांचं नाव आता इथल्या केंद्रीय न्यायालयाच्या इमारतीला आहे. मी शपथ तिथेच घेतली होती. त्या दिवशी नाव वाचलं होतं, पण ते कुणाचं, हे मला आजींकडून कळलं.

“पण कर्जाचं हे कलम मला कुणीच कधी सांगितलं नाही,” आजी म्हणाल्या. “दोन्ही एकाच कागदावर कशी?”

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी वाचलेलं मला जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. यादवी युद्ध संपलं, गुलाम मुक्त झाले, आणि उत्तरेकडच्यांना भीती वाटू लागली की दक्षिणेचे प्रतिनिधी संसदेत परतले की युद्धासाठी काढलेलं केंद्राचं कर्ज नाकारतील, उलट बंडखोर राज्यांचं कर्ज मान्य करतील. म्हणून १८६८ साली लागू झालेल्या त्याच दुरुस्तीत माणसांचे हक्कही बांधून टाकले आणि देणीही. त्या बंडखोर राज्यांची पहिली राजधानी होती हेच माँटगोमेरी, आमच्या शाखेपासून दहा मिनिटांवर. आणखी एक सांगितलं, राहवलं नाही म्हणून: १८७३ साली आमच्याकडे पुण्यात जोतीराव फुले नावाच्या माणसाने गुलामगिरीवर पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. आजींनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. फुल्यांमधला ‘फ’ त्यांना छान जमला.

मग त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. “याच सिनेटमध्ये आमचा नागरी हक्कांचा कायदा भाषणं लांबवून साठ दिवस अडवून धरला होता. तेव्हा अडवणारे डेमोक्रॅट होते, आमच्याच दक्षिणेचे.” १९६४ ची ती गोष्ट, अखेर १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवावी लागली. “आता अडवणारे दुसरे. थांबतो मात्र आम्हीच.”

मी उठून साहेबांच्या खोलीत गेले. तिसरा रकाना कोरा ठेवून अर्ज घ्या, म्हणून सांगितलं. नियमात बसत नाही, म्हणाले. मी म्हटलं, सोशल सिक्युरिटीच्या निधीने सरकारला सुमारे २.८ लाख कोटी डॉलर उसने दिलेत, तेही याच मर्यादेत मोजतात. म्हणजे या बाई सरकारकडे हात पसरत नाहीत, त्यांचंच सरकारकडे येणं आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग कर्ज नाही, पण पेन्शन येईपर्यंत खात्यात पैसे कमी पडले तरी वीज आणि भाडं परत पाठवायचं नाही आणि दंड लावायचा नाही, अशी सही करून दिली. ती चिठ्ठी घेऊन मी धावतच बाहेर आले. दुपारपर्यंत तशा आणखी सतरा चिठ्ठ्या केल्या.

दुपारी उशिरा येलेन यांचं नवं पत्र आलं. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत १३० अब्ज डॉलरहून जास्त देणी आहेत, ती भागतील. तिजोरी अपुरी पडेल ती ५ जूनला. चार दिवस पुढे सरकलं होतं. मी लगेच आजींना फोन लावला. “दोन तारखेचे येतात, मॅम.” पलीकडून बराच वेळ काही नाही, मग नुसतं “थँक यू, जीझस.”

शनिवारी रात्री समझोता झाल्याची बातमी आली. बुधवारी प्रतिनिधीगृहात ३१४ विरुद्ध ११७, गुरुवारी रात्री सिनेटमध्ये ६३ विरुद्ध ३६.

२ जूनला सकाळी आजी पुन्हा आल्या, भाचीला घेऊन. पैसे जमा झाले होते. त्यांनी भाड्यापुरते रोख मागितले, माझ्यासमोर नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. भाची बावन्न वर्षांची, गुडघ्यांनी अधू, पण डॉक्टरचा कागद नाही. तिला विचारायचं होतं की तिचे फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, राहतील का. समझोत्यात एक अट होती: मुलांची जबाबदारी नसलेल्या धडधाकट लोकांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यायची सक्ती आजवर ४९ वयापर्यंत होती, ती टप्प्याटप्प्याने ५४ पर्यंत नेलेली. डॉक्टरकडून काय लिहून आणायचं ते मी तिला कागदावर मांडून दिलं.

आजी जाता जाता थांबल्या. “आता पुन्हा कधी?”

“मर्यादा १ जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित होणार आहे, मॅम.”

त्यांनी पर्समधून तोच मऊ कागद काढला, उलटा केला, काउंटरवरचं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक आकडा नीट काढत, ती तारीख मागच्या बाजूला लिहून घेतली.