हातचा

सावित्रीबाईंची जयंती येते ३ जानेवारीला, आणि गोबरगॅसचं थंडीशी मुळीच पटत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं आमच्या महिला मंडळाचा मेळावा सुरू होईपर्यंत मला कधी वाटलं नव्हतं.

मी तेव्हा गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. मेळावा शाळेच्याच पटांगणात भरायचा. कुंपणाला लागून मंडळाचा गॅसचा प्लांट होता, २ घनमीटरचा, वर लोखंडी टाकी असलेला. गॅस साठला की टाकी वर उचलली जायची, त्यामुळे आत किती गॅस आहे ते रस्त्यावरूनसुद्धा कळायचं. रोज साधारण ५० किलो शेण आणि तितकंच पाणी कालवून ओतायचं. बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि कुणी पाळी चुकवली की टाकीच चहाडी करायची.

उन्हाळ्यात टाकी भल्या सकाळी वर आलेली असे. जानेवारीत मात्र आतले जंतू गारठतात, त्यांचं काम मंदावतं आणि टाकी रुसल्यासारखी खाली बसते. मेळाव्याच्या आधी आठवडाभर तिची मनधरणी चालायची. पाण्याच्या कळश्या उन्हात तापवून मगच शेण कालवायचं, रात्री टाकीभोवती पाचट आणि गोणपाट गुंडाळायचं. एवढं करूनही ज्योत निळी पण इवलीशी. शंभरेक माणसांच्या चहाचं आधण तासभर नुसतं कोमट व्हायचं.

कुणाच्याही घरून स्टोव्ह आणता आला असता. पण मेळाव्याचा चहा आपल्याच गॅसवर, हा मंडळाचा हट्ट होता.

मग चहा होईपर्यंत लोकांना बसवून ठेवायचं कशाने? आधी मुलांची भाषणं व्हायची. त्यात दरवर्षी एखादा तरी १८३१ आणि १८४८ यांची अदलाबदल करून सावित्रीबाईंचा जन्म भिडे वाड्यात करायचा आणि मुलींची शाळा नायगावात काढायचा. भाषणं लवकर संपत. पाहुण्यांचं लवकर संपत नसे, पण ते कुणी ऐकतही नसे. खरा कार्यक्रम त्यानंतरचा: मंडळाचा वर्षाचा हिशेब.

पहिल्या वर्षी तो मी वाचला. नव्वदच्या दशकातली सुरुवात होती, साक्षरतेचे वर्ग गावात नुकतेच पोचले होते. रात्री जेवणं उरकून बायका कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसत. मी हिशेब वाचून खाली बसले तर मागून एक आवाज आला, "पैसं आमचं, आन् वाचायचं बाईंनीच व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण पुढच्या वर्षापासून रीत पडली, की त्या वर्षी जी नवी वाचायला शिकली असेल, तिने हिशेब वाचायचा.

नव्याने शिकलेल्या माणसाचं वाचन तुम्ही ऐकलं असेल तर कल्पना येईल. बोट अक्षरावर, ओठ आधी मुके हलतात, मग शब्द बाहेर पडतो. जोडाक्षर आलं की गाडी घाटात. "मा...गी...ल शि...ल्ल...क." एवढ्यावर सगळ्यांचा एक सुस्कारा. आकडे मात्र भराभर. कुणी घाई करत नसे, कारण चहा कुठे झाला होता?

त्यातलं एक वर्ष मला विसरता येत नाही. वाचायला उभी राहिली ती बाजारात भाजी विकणारी. अक्षरं तिला त्या पावसाळ्यातच यायला लागली होती, पण तोंडी हिशेब तिचा जन्माचा पक्का. तिने जमा बाजू वाचायला घेतली. कर्जावरचं व्याज ४८० रुपये. भांड्यांचं भाडं ३७०. (लग्नकार्याला मंडळाची पातेली भाड्याने जात, अजूनही जातात.) शिलाई मशीनचं भाडं २६५. मग ती थांबली. मला वाटलं, "एकूण" वाचता येत नाहीये. मी हळूच सुचवलं. तिने मान हलवली.

"बाई, इथं एक हजार पंधरा लिवलंय. माझं अकराशे पंधरा हुत्यात."

पटांगण एकदम गप्प. मी वही घेतली. आठ, सात, सहा, एकवीस. एकवीसचा एक मांडला होता आणि हातचे दोन घ्यायचे तिथे एकच घेतला होता. चौथीच्या पोरांच्या वह्यांवर ज्या चुकीला मी लाल शाईने फुली मारायची, तीच मी केली होती, आणि तीही मंडळाच्या पैशांत. माझे कान तापले. ती मात्र वही परत घेत शांतपणे म्हणाली, "हातचा ऱ्हातो कवाकवा," आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. शंभर रुपये म्हणजे त्या वेळी दहा बायकांची महिन्याची बचत.

१९९२ साली नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली होती, आमच्याकडे ते वारं पोचायला बरीच वर्षं लागली. बँकेत खातं उघडायची वेळ आली तेव्हा वही भाजीवालीच्या हातात होती. तिथल्या वाटाघाटींवर एक वेगळा लेख होईल.

आणखी एका मेळाव्याचं सांगायलाच हवं. बायकांची सहल देहूला गेली होती. दर्शन झालंच, पण डॉ. मापुस्करांनी तिथे संडासांना जोडून उभे केलेले गॅस प्लांट पाहून आमच्या आक्कांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शाळेचे संडास आपल्या प्लांटला का जोडू नयेत? गावात महाभारत झालं. घरोघरी सासवांनी बजावलं, त्या गॅसवरचं काही तोंडात घालाल तर खबरदार. तरी आक्कांनी जोडणी करून घेतलीच.

त्या वर्षी चहा झाला, कप फिरले, आणि बायका कप हातात धरून नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. प्रमुख पाहुण्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. थंडी होती, त्यांनी दोन कप घेतले आणि वर चहाची तारीफही केली. आभार मानायला आक्का उठल्या. पाहुण्यांचे आभार, शाळेचे आभार, आणि "ज्यांच्यामुळं हा चहा उकळला त्या समद्या पोराबाळांचं आभार." पाहुण्यांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. तोवर हसता हसता निम्म्या बायकांनी कप तोंडाला लावले होते.

गेल्या खेपेला मी निवृत्त बाई म्हणून मेळाव्याला गेले. जनावरं कमी झाली तसं शेण आटलं, टाकी गंजली, घरोघरी सिलिंडर आले. शाळेच्या छतावर आता सौर पॅनेल आहेत. चहा पाच मिनिटांत आला. हिशेबही तसाच. मंडळाची आताची हिशेबनीस पदवीधर आहे, तिने लॅपटॉपवरून एका दमात जमा, खर्च, शिल्लक वाचून टाकलं. टाळ्या पडल्या.

भाजीवाली पुढच्या रांगेत खुर्चीवर होती. आता तिला नीट दिसत नाही. टाळ्या थांबल्यावर तिने हात वर केला.

"पोरी, परत वाच. येकयेक आकडा सांग, मी मनात मिळवती."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग तिने स्क्रीन वर सरकवली आणि सुरुवात केली, "मागील शिल्लक..."